निरोप घेऊन बसलेले फिटरकाका

गाव सोडून जाणारी माणसं मी आयुष्यात पुष्कळ पाहिली. पण गाव सोडण्याचं काम फिटरकाकांइतकं मन लावून, पद्धतशीरपणे आणि कायमचं केलेला दुसरा माणूस मला भेटलेला नाही. इतकं कायमचं, की गाव सोडून झाल्यावर ते पुढे तेरा महिने त्याच गावात, त्याच घरात राहत होते. पन्नास साल उलटून दोनतीन वर्षं झाली होती. मी नागपूरहून वर्ध्याजवळच्या सेलूच्या शाळेत मास्तर म्हणून आलो होतो आणि मला मिळालेल्या खोलीच्या भिंतीला भिंत लागूनच काकांचं घर होतं. गावातल्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात, ज्याला सगळे नुसतं 'जिन' म्हणत, ते वीस वर्षं फिटर होते. त्यांचं खरं नाव बहुधा पोस्टमनला ठाऊक असावं. बाकी लहानथोर त्यांना फिटरकाकाच म्हणत. काकूंनाही नवऱ्याचं नाव घ्यायची अडचण होतीच, तेव्हा दारात कोणी आलं की त्याही 'फिटर घरी नाईत' असंच सांगत.

काका उंच, हाडकुळे, आणि मान कायम उजवीकडे किंचित कललेली. यंत्राला लांब पेचकस टेकवून त्याची मूठ कानाला लावायची आणि आत काय दुखतंय ते ऐकायचं, या सवयीनं मानेला ते वळण पडलं होतं. माणसांचंही ते तसंच ऐकत. तुम्ही काय सांगताय त्यापेक्षा तुमच्यात कुठे खडखडतंय याकडे त्यांचं लक्ष असे. एकदा आमचे हेडमास्तर त्यांच्यापुढे अर्धा तास शाळेच्या इमारतीबद्दल बोलले. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमची झोप नाई होऊन राह्यली, साहेब." हेडमास्तर चकित झाले, कारण ते खरं होतं. शाळेच्या इमारतीचं मात्र पुढे काहीच झालं नाही.

त्यांचा दुसरा विशेष म्हणजे कोणतीही गोष्ट अर्धवट करणं त्यांना जमत नसे. तंबाखू सोडायची ठरवली तेव्हा त्यांनी डबी विहिरीत टाकली, कात्री लावून सदऱ्याचा खिसाच काढून टाकला आणि तंबाखू खाणाऱ्या मित्रांना दोन महिने रस्त्यात ओळख दिली नाही. त्या मित्रांत मीही होतो. दोन महिन्यांनी एका सकाळी ते माझ्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "आता बोलू शकतो. सुटली." आणि जणू काल रात्रीच गप्पा अर्ध्यावर राहिल्या होत्या अशा थाटात खाटेवर बसले.

असा माणूस परदेशी जायला निघाला, तर काय होणार!

झालं ते असं. जिनाच्या मालकाचे कोणी नातलग आफ्रिकेत, युगांडात होते. तिथेही कापूस पिकतो आणि तिथेही जिनं आहेत. त्यांना एक नवीन जिन उभारायचं होतं आणि त्यासाठी इकडचा जाणता फिटर हवा होता. पत्र आलं. मालकांनी ते काकांना सहज म्हणून वाचून दाखवलं आणि काका तिथल्या तिथे म्हणाले, "मी जातो." वय सत्तेचाळीस, मूलबाळ नाही, अंगावर कसली जबाबदारी नाही, हे सगळं खरं, तरी सेलूच्या पलीकडे त्यांची धाव फार तर वर्ध्याच्या लोखंडी सामानाच्या दुकानापर्यंत. मी विचारलं, "काका, या वयात? एकदम आफ्रिका?" ते म्हणाले, "मास्तर, वीस वर्सं झाले, मी दुसऱ्यानं बसवलेलं दुरुस्त करून राह्यलो. माह्या हातानं उभं केलेलं एकबी जिन नाई. तिथं मोकळी जमीन हाये. पह्यला पेच मी पिळीन." मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि माझ्या हातून कशाचाही पहिला पेच पिळला जाईल अशी चिन्हं नव्हती.

पासपोर्ट आला आणि काकांनी घर वाटायला काढलं. विकायला नव्हे, वाटायला. कोणती वस्तू कोणाला शोभेल याचा त्यांनी आठ दिवस विचार केला. पलंग न्हाव्याकडे गेला, कारण त्याच्या घरी माणसं जास्त आणि जमीन ओली. घंगाळ कीर्तनकारबुवांकडे. तवा एका घरी, परात दुसऱ्या घरी, पाटा तिसऱ्या. सायकल मला मिळाली. ती देताना त्यांनी मला एक तास शिकवणी दिली आणि वर बजावलं, "गाडी तुमची हाये, पन तेल माह्यी समजून द्या." म्हैस समोरच्या गल्लीतल्या विधवा बाईंना दिली. त्यांना ती मानवली, फक्त म्हशीला हे दान मान्य नव्हतं. रोज संध्याकाळी ती रानातून थेट काकांच्या दारात येऊन उभी राही, आणि काका दोर धरून तिला नव्या घरी पोचवून येत. वाटेत तिला समजावून सांगत, "अवं, मी आता इथं नाई. तू कोनाकडं आली?"

वस्तू वाटून झाल्या आणि मग आला तो निरोपाचा फेरा. आमच्याकडे काशीला वगैरे लांब जाणारा माणूस घरोघर जाऊन 'काही चुकलंमाकलं असेल तर माफ करा' म्हणतो. समोरचा 'छे छे, तुमचं काय चुकणार' म्हणतो, चहा होतो आणि तो पुढच्या घरी जातो. काकांना हे असं वरवरचं कसं चालावं? माफी मागायची तर कशाबद्दल ते सांगायला नको? तेव्हा त्यांनी प्रत्येक घरी बसून, वीस वर्षांतली चुकीची गोष्ट न चुकता सांगितली. वैद्यबुवांना म्हणाले, "तुमचं चूर्न मी एकदाबी घेतलं नाई. सगळं तुळशीच्या बुडाशी टाकलं. तुळस वाळली, माफी करा." हेडमास्तरांना म्हणाले, "तुमचं भाषन चांगलं असते. पन ते दहा मिंटात संपते आन् तुम्ही नाई थांबत. मी दर पंधरा ऑगस्टले मागच्या मागं घरी गेलो. माफी असावी." आमच्या घरमालकीणबाईंना पाटवडीच्या रश्शाबद्दल असं काही सांगितलं, की त्या आठ दिवस चूल पेटवताना डोळे पुसत होत्या. आणि मी! दर सोमवारी आम्ही भजनाला बसत असू. मी गायचो, काका पेटी वाजवायचे. माझ्या खोलीत येऊन, माझा हात हातात घेऊन ते म्हणाले, "मास्तर, तुमचा गळा बेसूर हाये. दोन वर्सं मी पेटी जोरात वाजवून झाकला. तुमाले सांगाले पाह्यजे होतं. माह्यं चुकलं."

जाणाऱ्या माणसाचं बोलणं कोणी मनाला लावून घेत नाही. आम्ही सगळ्यांनी मोठ्या मनानं माफ केलं. जिनाच्या आवारात समारंभ झाला, सुताचा हार घातला, शालनारळ दिलं, वर्ध्याहून फोटोवाला आणून सगळ्यांचा एकत्र फोटो काढला. वैद्यबुवा सद्गदित होऊन बोलले. हेडमास्तर मुद्दाम नऊ मिनिटं बोलले.

आणि त्यानंतर सोळाव्या दिवशी तिकडून पत्र आलं, की परवान्याला वेळ लागतो आहे, यंदाचा हंगाम तर गेलाच, तरी पुढच्या हंगामाला बोलावू, तोवर धीर धरावा.

गावाची जी पंचाईत झाली ती शब्दांत सांगणं कठीण आहे. वैद्यबुवांचा रस्ता काकांच्या दारावरून जात होता. त्यांनी तो बदलला. मी दोन सोमवार घसा बसल्याचं निमित्त करून भजनाला गेलो नाही. ज्यांनी शाल दिली होती त्यांना ती शाल पांघरून विहिरीवर आलेले काका रोज दिसत. पण खुद्द काकांना यात काहीही वावगं वाटत नव्हतं. त्यांच्या लेखी ते गेलेले होते. फक्त बोट अजून आलेली नव्हती. दिलेली एकही वस्तू त्यांनी परत घेतली नाही. लोक पलंग घेऊन आले, तर त्यांनी दारातूनच परत पाठवला. "देल्लं ते देल्लं. मी आता पाहुना हावो." नोकरीचा राजीनामा दिला होता, त्यामुळे मालकांनी बोलावलं तेव्हा ते 'पाहुणा फिटर' म्हणून गेले. सरकीच्या पोत्यावर बाहेर बसत आणि आतल्या नव्या फिटरला आवाजावरून सांगत, "तीन नंबर रडून राह्यली, पाह्य तिच्याकडं."

खिशातलं घड्याळ त्यांनी युगांडाच्या वेळेवर लावलं होतं. तिकडची वेळ आपल्या पावणेतीन तास मागे. कोणी वेळ विचारली तर ते घड्याळ बघून आधी तिकडची सांगत, मग बोटांवर मोजून आपली. तिकडची भाषाही त्यांनी शिकायला घेतली होती. वर्ध्याला एक तिकडून परत आलेले गृहस्थ होते, त्यांच्याकडून वीसेक शब्द लिहून आणले होते. "चायले तिथंबी चायच म्हंतात, मास्तर. गाडीले गारी, दुकानाले दुका. अर्धी भाषा तं आपल्याले येतेच." उरलेल्या अर्ध्या भाषेची त्यांनी फारशी काळजी केली नाही.

या सगळ्यात काकूंचं काय चाललं होतं, हे मला भिंतीपलीकडून ऐकू येई. किंवा खरं म्हणजे येत नसे, कारण काकू बोलतच फार कमी. सकाळी उठून त्या एका घरून तवा मागून आणत, दुसऱ्या घरून परात, पाट्यासाठी तिसऱ्या घरी जात आणि स्वयंपाक झाला की घासूनपुसून ज्याचं त्याला परत देऊन येत. वीस वर्षं स्वतःच्या असलेल्या भांड्यांसाठी रोज दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं. तेरा महिने त्यांनी हे केलं आणि तक्रार केली नाही. फक्त एक गोष्ट त्या अधूनमधून म्हणत आणि ती म्हणताना आवाज चढवत नसत. "नाचनगावले गेल्याबिगर मी बोटीत पाय ठेवनार नाई."

नाचणगाव हे पुलगावच्या शेजारचं गाव. काकांचे धाकटे भाऊ तिथे शेती करून राहत आणि या दोघा भावांमध्ये बारा वर्षं बोलणं नव्हतं. निरोपाच्या फेऱ्यात ऐंशी घरं झाली. राहिलं होतं ते हेच एक. झालं होतं असं, की ऐन हंगामात जिनाचं इंजिन मोडलेलं, फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, वर आभाळ आलेलं, आणि काकांच्या हातात वडील गेल्याची तार पडली. काकांनी अंदाज केला, दुपारपर्यंत इंजिन सुरू करतो आणि पहिली गाडी पकडतो. इंजिनाला दुसरा दिवस उजाडला. काका नाचणगावच्या वेशीत पोचले तेव्हा धाकट्यानं अग्नी दिलेला होता. "माह्यासाठी तीन तास थांबला नाई," असं काका म्हणत. "याले बापापेक्षा इंजिन मोठं," असं तो म्हणाला होता. संपलं. त्यानंतर काकांनी नाचणगावचं नाव काढलं नाही. सेलूहून ते तीसेक मैल. आफ्रिका किती हजार मैल कोण जाणे. पण काकांना आफ्रिका रोज दिसत होती आणि नाचणगाव दिसत नव्हतं.

मी एकदा धीर करून म्हटलं, "काका, सगळ्या गावाची माफी मागितलीत. एक घर..." त्यांनी मान आणखी कलती केली आणि म्हणाले, "मास्तर, दुसऱ्याचं इंजिन मी खोलू शकतो. आपलं नाई खोलता येत." आणि ते उठून म्हशीला पोचवायला गेले.

शेवटी परवाना आला. मुंबईहून बोटीचा शुक्रवार ठरला आणि काका त्याआधीच्या रविवारीच निघाले, कारण रेल्वेवर त्यांचा विश्वास नव्हता. या वेळी समारंभ झाला नाही. दुसऱ्यांदा शाल देणं जरा विचित्र दिसलं असतं. पण सेलूरोड स्टेशनवर सगळे आले. वैद्यबुवासुद्धा आले आणि चूर्णाची पुडी देऊन म्हणाले, "घेतलं नाही तरी चालेल, जवळ असू द्या." मी वर्ध्यापर्यंत जाणार होतो, पण आदल्या दिवशी काकूंनी मला भिंतीशी बोलावून सांगितलं होतं, "मास्तर, तुम्ही पुलगावपर्यंत चला. माह्यी पेटी जड हाये." त्यांनी आयुष्यात मला सांगितलेलं ते एकमेव काम.

पॅसेंजर दुपारी पुलगावला थांबली. काकू शांतपणे उठल्या, पदर खोचला, बोचकं घेतलं आणि खाली उतरल्या. मी ठरल्याप्रमाणे त्यांची लोखंडी पेटी बाकाखालून ओढली आणि दारातून फलाटावर लोटली.

"मास्तर, हे काय करून राह्यले तुम्ही?"

"काकूंनी सांगितलंय."

काका दारात आले. काकू पेटीवर बसल्या होत्या आणि त्यांनी गाडीकडे पाठ केली होती.

"अवं, चाल वर! गाडी सुटून राह्यली!"

"सुटू द्या."

"बोट चुकन!"

"तुम्ही जा ना बोटीनं. मी तेरा महिने सांगून राह्यली. तुम्ही समद्याइचं आयकता, यंत्राचंबी आयकता. माह्यं कवा आयकलं?"

मी काकांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पाहायला नको होतं असं वाटलं. एवढ्या वर्षांत या बाईंनी काही मागितलेलं त्यांना आठवत नसावं. गार्डानं शिट्टी दिली. डब्याला हिसका बसला. काका एका हातानं दांडी धरून, मान कलती करून एवढ्यात काहीतरी ऐकू येईल असे उभे होते, आणि मग गाडी चालू लागली तेव्हा खाली उतरले. त्यांची ट्रंक खिडकीतून बाहेर टाकून मी दुसऱ्या दारानं आधीच उतरलो होतो, त्याबद्दल त्यांनी मला फलाटावर जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पुलगावहून आम्ही बैलगाडीनं नाचणगावला गेलो. धाकटे भाऊ अंगणात तुराट्यांचं कुंपण बांधत बसले होते. काकांचाच चेहरा, फक्त मान सरळ आणि रंग उन्हानं जास्त रापलेला. गाडीतून कोण उतरतंय हे त्यांनी पाहिलं आणि हातातली गाठ तशीच धरून ठेवली.

काकू म्हणाल्या, "भाऊजी, आमी आफ्रिकेले चाललो. तुमचा दादा निरोप घ्यायले आला."

आता काका बोलतील म्हणून मी वाट पाहत होतो. ऐंशी घरी ज्यांनी वीस वर्षांचं सगळं न अडखळता सांगितलं, त्यांना इथे पहिला शब्द सापडेना. मग म्हणाले, "चुकलं माह्यं."

धाकट्यानं गाठ पूर्ण आवळली. उरलेली सुतळी दातानं तोडली. "मी बी थांबाले पाह्यजे होतं, दादा," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "बोट कवा हाये?"

"शुक्रवारी."

"मंग आज राह्यता ना?"

काका 'व्हय' म्हणाले. आतून धाकट्याची बायको आली आणि काकूंच्या गळ्यात पडून रडू लागली, काकूही रडल्या. मी संध्याकाळच्या गाडीनं परतायला निघालो तेव्हा दोघे भाऊ कुंपणाच्या दोन बाजूंना बसून तुराट्या बांधत होते आणि काका त्याला सांगत होते, की तुझी गाठ चुकीची आहे.

बोट चुकली नाही. तिकडे जिन उभं राहिलं, पहिला पेच काकांनीच पिळला, असं पत्रानं कळलं. पत्र नाचणगावला आलं होतं. धाकटे भाऊ ते घेऊन एक दिवस माझ्या शाळेत आले, कारण त्यांना नकाशा पाहायचा होता. मी भिंतीवरचा जगाचा नकाशा दाखवला. युगांडावर बोट ठेवलं. मग मुंबईवर, मध्ये सगळं निळं पाणी. त्यांनी दोन्ही जागांवर आपली दोन बोटं ठेवली.

"परत यायचं काई लिवलं नाई," ते म्हणाले.

मी म्हटलं, "येतील की. हंगाम संपले की सुट्टी असेल." पण मला काका ठाऊक होते. अर्धवट जाणं त्यांना जमणारं नव्हतं. ते परत आले नाहीत, आणि तेरा महिने आम्ही त्यांना गेलेलं धरून वागलो होतो म्हणून ते जाणं मला सोपं जाईल असं वाटलं होतं, ते अजिबात सोपं गेलं नाही. शेजारचं घर रिकामं पाहून मला फार दिवस करमत नव्हतं.

धाकट्या भावांनी नकाशावरची बोटं काढली, पत्राची घडी करून खिशात घातली आणि पायरीवर बसून चपला घालता घालता, माझ्याकडे न पाहता म्हणाले,

"बारा वर्सं इथंच होता, मास्तर."